हॉट डॉगचं वाफेचं मशीन आणि शिकागोच्या टपऱ्या: आठ महिन्यांचा अनुभव

मशीन बंद पडलं म्हणून हे लिहायला बसलोय. नाहीतर "छान आहे, घ्या" अशा दोन ओळी टाकून मोकळा झालो असतो.

गेल्या शनिवारी घरी पाहुणे होते. मशीनमध्ये आठ सॉसेजं, सहा पाव. बटण दाबलं, लाल दिवा लागला, पंधरा मिनिटं झाली तरी झाकणावर वाफ धरेना. बोट बुडवून पाहिलं तर पाणी कोमट. दिवा मात्र ऐटीत चालू. शेवटी सॉसेजं पातेल्यात टाकली, पाव तव्यावर फिरवले आणि वेळ मारून नेली. पाहुण्यांना फरक कळला नाही. मला कळला, आणि तेच माझं दुखणं आहे.

मशीन कसं असतं ते माहीत असेलच: खाली पाणी, वर एका कप्प्यात सॉसेजं, शेजारच्या कप्प्यात पाव, त्यावर पारदर्शक सपाट झाकण. चाळीस डॉलर. घेण्यामागे निव्वळ चिकटपणा. आम्ही चौघं टपरीवर गेलो की फ्राइज आणि कोल्ड्रिंक धरून पस्तीस-चाळीस डॉलर जातात. म्हणजे एका फेरीत मशीन वसूल, असा हिशेब ऑक्टोबरमध्ये बायकोला ऐकवला होता. आता ती तो हिशेब मला ऐकवते.

एक गोष्ट आधीच सांगतो. इथला खरा हॉट डॉग गाईच्या मांसाचा असतो. आम्ही वसईचे ख्रिस्ती, आमच्याकडे त्यावरून वाद नाही. ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी पोर्टिलोज या इथल्या हॉट डॉगच्या दुकानांच्या साखळीनं २०२२ मध्ये 'गार्डन डॉग' नावाचा वनस्पतीजन्य प्रकार आणला. वरचा सगळा सरंजाम तोच. आणि पुढे मी जे रडगाणं गाणार आहे ते सॉसेजचं नाहीच, पावाचं आहे, तेव्हा शाकाहाऱ्यांनीही वाचायला हरकत नाही.

शिकागोचा हॉट डॉग पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी हसलो होतो. वर पिवळी मोहरी, पोपटी रंगाचं गोडसर रेलिश म्हणजे बारीक चिरलेल्या काकडीचं लोणचं (त्यात चक्क निळा रंग घालतात, म्हणून ते इतकं भडक दिसतं), बारीक चिरलेला कांदा, एका कडेला टोमॅटोच्या फोडी, दुसऱ्या कडेला लोणच्यातल्या काकडीची लांब फाक, दोन-तीन स्पोर्ट पेपर म्हणजे व्हिनेगरमध्ये मुरलेल्या छोट्या मिरच्या आणि शेवटी सेलरी सॉल्ट. हे शेवटचं म्हणजे आपल्या अजमोद्याच्या वासाचं मीठ. इथले लोक याला 'बागेतून फरफटत आणलेला' म्हणतात. मला वाटलं, सॉसेजमध्ये दम नाही म्हणून वर भाजीबाजार मांडलाय.

तसं नव्हतं. १९२९ च्या मंदीत मॅक्सवेल स्ट्रीटवर फ्लुकीज नावाच्या गाडीवर पाच सेंटांत सॉसेज, पाव आणि वर एवढं सगळं मिळायचं. ही पद्धत तिथूनच सुरू झाली असा त्यांचा दावा. गरिबाचं एका पावात जेवण. म्हणजे जन्म आपल्या वडापावासारखाच, गिरणगावाऐवजी ज्यू आणि इतर स्थलांतरितांच्या बाजारात. सॉसेज बहुतेक ठिकाणी व्हिएन्ना बीफचं. एमिल रायकेल आणि सॅम्युअल लादानी हे दोघे ऑस्ट्रिया-हंगेरीहून आले, १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी सॉसेजं विकली, तिथून ती कंपनी. आजही कोपऱ्यावरच्या टपरीवर त्यांची पाटी दिसते.

तर मशीन. पहिले तीन महिने मी त्याला पाचपैकी चार तारे दिले असते. सॉसेज उत्तम व्हायचं. पाणी खळखळून उकळलं तर साल फाटते आणि रस पाण्यात जातो. वाफेवर तसं होत नाही. सालीवरून आठवलं, सॉसेज घेताना 'नॅचरल केसिंग' लिहिलेलंच घ्या. सुपरमार्केटातली बहुतेक पाकिटं बिनसालीची असतात. सालवाल्याला दात लागला की टचकन आवाज येतो, आत गरम रस. बिनसालीचं म्हणजे गरम केलेलं खोडरबर.

पण पाव. तीन महिने पाव चिकट होत होता. वरून बरा दिसायचा, हातात घेतला की खालची बाजू बोटांना लागायची, तिसऱ्या घासाला तळ फाटून टोमॅटो शर्टावर. खसखस तर झाकणाच्या पाण्यानं धुऊन कप्प्यात साचायची. शिकागोच्या पावाला खसखस लागतेच, एस. रोझेन्स या १९०९ पासूनच्या बेकरीचा 'मेरी ॲन' पाव त्यासाठी प्रसिद्ध. त्याचं पीठ जास्त ग्लुटेनचं, वाफेत टिकावं म्हणूनच केलेलं. असा पाव माझ्या मशीनमध्ये लिबलिबीत होतो म्हणजे दोष कुणाचा?

मी दोष पावाचा धरला. बायकोनं माझा. मग ठरवलं, टपऱ्यांवर जाऊन नीट बघायचं. (इथे मशीनची बचत संपली, पण ते नंतर लक्षात आलं.)

पहिली फेरी जीन अँड ज्यूड्स, रिव्हर ग्रोव्ह या उपनगरात. १९४६ पासूनचं. बसायला खुर्ची नाही, केचप नाही. टोमॅटो, काकडी, सेलरी सॉल्ट, खसखस, काहीच नाही: मोहरी, कांदा, रेलिश, मिरच्या आणि वर मूठभर ताज्या फ्राइज, सगळं कागदात गुंडाळून हातात. पहिल्यांदा वाटलं, फ्राइजच्या वाफेनं पाव आणखी भिजणार. दोन फेऱ्या झाल्यावर कळलं की उलट आहे. फ्राइज वरचं पाणी आणि मोहरी टिपून घेतात. फ्राइज मऊ पडतात, पाव वाचतो. गाडीच्या बॉनेटवर कागद पसरून, मार्चच्या थंडीत, हात पोळत खाल्लेला तो दुसरा हॉट डॉग मला आजवरचा सगळ्यात चांगला वाटतो. बायकोच्या मते थंडी होती म्हणून.

दुसरी फेरी सुपरडॉग. देशी दुकानांच्या ज्या डेव्हॉन ॲव्हेन्यूवर आपण कोकम आणि भाजणी शोधायला जातो त्याच रस्त्यानं पश्चिमेला जात राहायचं, मिलवॉकी ॲव्हेन्यू येते तिथे छतावर दोन मोठ्ठे हॉट डॉग उभे दिसतात, एक बाप्या, एक बाई, रात्री डोळे लुकलुकतात. मॉरी आणि फ्लॉरी बर्मन या जोडप्यानं १९४८ मध्ये सुरू केलं. गाडीतूनच ऑर्डर द्यायची, खिडकीला ट्रे लावून जातात. सॉसेज त्यांच्या स्वतःच्या पाककृतीचं, जाडजूड, सोबत लोणच्यातला हिरवा टोमॅटो, सगळं फ्राइजसकट एका खोक्यात.

मी तिथे जे केलं ते आपल्यातला कुणीही करेल. चार खोकी पार्सल घेतली आणि घरी आलो. पंचवीस मिनिटं. घरी उघडलं तर पाव ओला आणि फ्राइज लोळागोळा. त्या रात्री चिडून दोन तारे लिहून ठेवले होते, पाठवले नाहीत ते बरं. पुढच्या वेळी तिथेच काचा खाली करून दोन मिनिटांत खाल्ला. पाव मऊ, पण कोरडा. चूक माझी होती. बंद खोक्यात गरम वस्तू पंचवीस मिनिटं ठेवली तर ती स्वतःच्याच वाफेत भिजणार; डब्यात गरम पोळ्या भरून झाकण लावलं की तळाच्या पोळीचं होतं तेच. हॉट डॉग पार्सल नेऊ नये. नेणारच असाल तर पाव वेगळा मागा.

तिसरी जागा नाव नसल्यासारखीच, कामावरून येताना लागणारी एक चिंचोळी टपरी. तिथे काउंटरशी उभं राहून मी त्या माणसाचे हात पाहिले. पाव वाफेच्या खणात, खणाचं झाकण तिरकं, एका बाजूला उतार असलेलं. पाव काढला की झाकण लगेच बंद. चिमट्यानं सॉसेज उचललं, पाण्यातून थेट पावात नाही, कडेला एकदा झटकलं. मोहरीची नागमोडी रेघ सॉसेजवर, पावावर नाही. टोमॅटो पाव आणि सॉसेजच्या फटीत, काकडी पलीकडच्या फटीत, म्हणजे दोन्हीकडून पाणी सुटलं तरी सॉसेजच्या पाठीवर सुटतं. वरून सेलरी सॉल्ट, कागदाला पीळ. पाव बाहेर आल्यापासून कागद बंद होईपर्यंत मी मनात मोजलं, पंधरासुद्धा झाले नाहीत. विचारलं, "पाव किती वेळ ठेवता?" म्हणाला, "मऊ होईपर्यंत." आपल्या आयांकडून जसं उत्तर मिळतं तसंच.

मे महिन्यात आई वसईहून आली. मशीन पाहून तिला नवल वाटलं नाही, किंमत ऐकून वाटलं. दोन मिनिटं झाकणाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "अरे, झाकणाला फडकं नाही बांधलंस?"

आठ महिन्यांतला सगळ्यात कामाचा सल्ला हा. ढोकळा करताना झाकणाला कापड बांधतात, वाफेचं पाणी थेंब होऊन खाली पडू नये म्हणून. मशीनचं झाकण सपाट, म्हणून थेंब मधोमध जमायचे आणि बरोब्बर पावावर पडायचे. तिचा एक जुना पंचा कापून झाकणाला बांधला, दोन बाजूंनी रबरबँड. त्या दिवशीचा पाव टपरीच्या तोडीचा. खसखस जागच्या जागी. रेलिशचं पाणी तळाशी पोचायच्या आत हॉट डॉग पोटात. मी त्याच रात्री मशीनला परत चार तारे दिले असते, फडक्याचा अर्धा वेगळा.

तेव्हा माझं मत असं झालं: सॉसेज सालीचं असेल तर साठ टक्के काम आधीच झालेलं असतं, पण उरलेलं सगळं पावावर आहे, आणि पावाचं सगळं पाण्यावर. गोव्यात चोरिस-पाव खाताना आपल्याला उलट हवं असतं, सॉसेजची लाल चरबी आणि व्हिनेगर पावात झिरपायला हवं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून माळ आणली की पोदेराचा, म्हणजे तिथल्या पाववाल्याचा, कडक पाव त्यासाठीच घ्यायचा. तिथे पावाची साल कडक असते म्हणून भिजणं पेलवतं. इथला पाव मुळातच मऊ. त्याला भिजणं परवडत नाही.

इतर गावांबद्दल थोडक्यात, कारण मी तिथे एकेकदाच खाल्लंय. डेट्रॉईटला अमेरिकन आणि लाफायेत ही 'कोनी' प्रकारच्या हॉट डॉगची दोन दुकानं भिंतीला भिंत लावून आहेत. वर पातळ खिमा, मोहरी, कांदा. चव चांगली, पाव वाचवायचा प्रयत्नच नाही, काटा घेऊन बसा. न्यू जर्सीत क्लिफ्टनचं रट्स हट, १९२८ पासूनचं, तिथे सॉसेज तेलात तळतात, साल फाटेपर्यंत, म्हणून त्याला 'रिपर' म्हणतात. एडिसनला मावसभाऊ राहतो, त्याच्या मते जगात दुसरा हॉट डॉग नाही. तळलेलं असल्यानं सॉसेज कोरडं, त्यामुळे पावही कोरडा, म्हणजे माझ्या कसोटीवर तो पास. हे त्याला सांगितलेलं नाही. केचपबद्दल भांडू नका. अमेरिकेच्या हॉट डॉग आणि सॉसेज कौन्सिलचाच नियम आहे की अठरा वर्षांनंतर केचप नको. माझा धाकटा नऊ वर्षांचा आहे, त्याला अजून नऊ वर्षं मुभा.

आता सर्व्हिस. आई परत गेली आणि मशीन गेलं. एक वर्षाची वॉरंटी, म्हणून निर्धास्त होतो. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच त्रास नको. पहिल्या मेलला उत्तर: पावती पाठवा. पाठवली. दुसरं उत्तर: वायर मुळाशी कापा आणि कापलेल्या वायरीचा फोटो पाठवा, म्हणजे मशीन परत विकलं जाणार नाही. चालू असलेल्या वस्तूची वायर कापायला माझा हात धजेना, मग आठवलं की ती चालू नाहीच. कापली. फोटो पाठवला. तिसरं उत्तर: मशीनसोबत न आलेली एखादी वस्तू वापरली होती का?

इथे मी गाढवपणा केला. नुसतं 'नाही' लिहायचं सोडून, सविस्तर लिहिलं की तुमचं झाकण सपाट आहे, त्यावरचे थेंब पावावर पडतात, त्यावर आम्ही सुती फडकं बांधतो, फार उत्तम उपाय आहे, तुमच्या माहितीपुस्तकात जरूर घाला. सोबत फोटो.

चौथं उत्तर दोन ओळींचं: उत्पादनात बदल केल्यामुळे वॉरंटी लागू होत नाही.

म्हटलं, फडक्यानं खालची कॉइल कशी जाईल? पाचवं उत्तर आलंच नाही. फोन केला, चाळीस मिनिटं गाणं ऐकलं, मग लाइन कट. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "फोटो कशाला पाठवलास?" तिचंही बरोबर.

सध्याची व्यवस्था: इडलीपात्र. खाली पाणी, मंद आच, एका ताटलीत सॉसेजं, वरच्यात पाव, झाकणाला तोच पंचा. सॉसेजं आधी आठ-दहा मिनिटं, पाव शेवटी जेमतेम मिनिटभर. एका वेळी तीनच पाव मावतात, त्यामुळे जो भुकेला त्याला आधी. मशीनपेक्षा थोडं जास्त लक्ष द्यावं लागतं, बाकी फरक शून्य, आणि इडलीपात्र एकवीस वर्षं जुनं आहे.

मशीनला एक तारा. सॉसेजपुरते दोन दिले असते, पण वायर कापायला लावली. त्याचं खालचं प्लास्टिकचं भांडं धुऊन कढीपत्त्याच्या कुंडीखाली ठेवलंय. तिथे पाणी साचलं तरी चालतं.