एकच दर की टीओडी? लातूरकडच्या घराचा हिशोब

महावितरणच्या साध्या मीटरवर युनिट दुपारी जाळा की रात्री, दर तोच. १०० आणि ३०० युनिटचे टप्पे ओलांडले की वरच्या युनिटांचा दर तेवढा चढतो. टीओडी (टाइम ऑफ डे, म्हणजे वापराच्या वेळेनुसार दर) मीटरवरही टप्पे आहेतच, पण १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागं ८० पैसे ते १ रुपया सूट.

आमच्या घरी आई दिवसभर असते. धुणं, घरगंटी, इस्त्री, टाकीत पाणी चढवायची मोटार, सगळं नऊनंतर. महिन्याला ५० युनिट या वेळेत गेले तरी ४०-५० रुपये वाचतात. अशा घरानं टीओडी मीटर खुशाल बसवून घ्यावं.

दोघंही नोकरीवर जात असतील तर गणित वेगळं. गिझर सकाळी सहाला लागतो. मे महिन्यात २०० वॅटचा कूलर रात्रभर दहा तास चालला की २ युनिट जातात, त्यावर सूट नाही. आणि नळाला पाणी मध्यरात्री आलं तर मोटार तेव्हाच लावावी लागते, नऊ वाजायची वाट कोण बघणार? अशा घराला दोन्ही सारखेच. स्थिर आकार तर दोन्हीकडं लागतोच.