ऑटोमॅटिक घड्याळ: वाइंडर घ्यावा की हातानं चावी द्यावी?

एकच ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीवर आपोआप चावी भरणारं घड्याळ, असेल आणि ते रोज हातात असेल, तर हा प्रश्न पडत नाही. दुसरं घेतलं की पडतो. एक मनगटावर, एक कपाटात, आणि कपाटातलं दीड-दोन दिवसांत बंद. मग एक तर मोटरवर घड्याळ फिरवत ठेवणारी वाइंडरची पेटी घ्यायची, नाहीतर घालायच्या वेळी क्राउन (घड्याळाच्या बाजूची खुंटी) फिरवून चावी द्यायची. मी दोन्ही करून पाहिलं आहे. सध्या माझ्या पेटीचा प्लग काढलेला आहे, पण तिची बाजू लंगडी मुळीच नाही. म्हणून आधी तीच मांडतो.

पेटीचा खरा फायदा हा की क्राउनला हात लागत नाही. क्राउनचा दांडा घड्याळाच्या कवचात जिथून आत जातो, तिथूनच धूळ आणि ओल आत शिरू शकते. जॉन हारवूड या ब्रिटिश कारागिरानं १९२४ साली मनगटी ऑटोमॅटिकचं स्विस पेटंट मिळवलं, त्यामागे हाच विचार होता. त्याच्या घड्याळाला चावी द्यायचा क्राउनच नव्हता; काटे लावायचे ते काचेभोवतीची कडी फिरवून. कोकणात किंवा मुंबईत जुलै काढलेल्या माणसाला हा विचार लगेच पटेल. ज्यांचा क्राउन स्क्रूचा आहे त्यांना तर जास्तच. रोज उघडायचा, चावी द्यायची, पुन्हा आवळायचा. यात आटे झिजतात, आतल्या रबरी गॅस्केटवर ताण येतो, आणि घाईत आटा वाकडा बसला की ओल आत जायला वाट मिळते. असा क्राउन बंद करताना आधी आत दाबून किंचित उलटा फिरवावा. आटा टक्‌कन जागेवर पडल्याचं बोटाला कळतं, मग सुलटा आवळावा. एवढं केलं तर काळजी बरीच कमी होते, पण संपत नाही, हे मान्य.

आता चावी. ज्यांच्या घरात एचएमटी जनता होतं, त्यांच्या हाताला एक सवय असते: सकाळी चावी द्यायची, अडली की थांबायचं. ऑटोमॅटिकला तसं करायला गेलं तर ती अडतच नाही, आणि माणूस घाबरतो. घाबरू नये. जनतासारख्या घड्याळात मेनस्प्रिंगचं, म्हणजे घड्याळ चालवणाऱ्या स्प्रिंगचं, बाहेरचं टोक बॅरलला, म्हणजे तिच्या डबीला, अडकवलेलं असतं. ऑटोमॅटिकमध्ये ते बॅरलच्या आतल्या भिंतीला नुसतं दाबून बसलेलं असतं, आणि स्प्रिंग पूर्ण भरली की घसरतं. तसं नसतं तर दिवसभर फिरणाऱ्या रोटरनं (हात हलला की फिरून स्प्रिंग भरणारं आतलं वजन) स्प्रिंग केव्हाच तोडली असती. त्यामुळे चावी जास्त बसेल ही भीती अनाठायी आहे. बंद पडलेल्या घड्याळाला सावकाश वीस-तीस फेरे द्यावेत आणि मनगटावर चढवावं. उरलेलं काम रोटर करतो. पहिल्या दोन-चार फेऱ्यांतच सेकंदकाटा चालायला लागतो, पण तिथेच थांबू नये. अर्धवट भरलेल्या स्प्रिंगवर घड्याळ नीट वेळ धरत नाही, आणि दिवसभर संगणकापुढे बसणाऱ्याचा हात तरी कितीसा हलतो? असं घड्याळ रात्री काढून ठेवलं की पहाटे बंद झालेलं सापडतं.

चावीविरुद्धची एक शंका मात्र रास्त आहे. ईटीए २८२४-२ हे यंत्र असलेल्या घड्याळांना रोज भरपूर चावी देऊ नये, असं अनेक दुरुस्तीवाले सांगतात. हातानं चावी देताना रोटरकडची उलटसुलट फिरणारी चाकंही फिरतात, आणि त्यांचं तेल सुकलं असेल तर ती झिजतात. खूण सोपी आहे. पाठ पारदर्शक असेल तर चावी देताना रोटरकडे बघा. क्राउनबरोबर रोटरही गरगर फिरायला लागला, तर चावी थांबवून घड्याळ आधी सर्व्हिसिंगला द्या. ही खूण दिसत नसेल, तर आठवड्यातून एक-दोनदा दिलेल्या चावीनं काही बिघडतं असा माझा तरी अनुभव नाही.

इथवर दोन्ही बाजू जवळपास सारख्याच. माझा निर्णय झाला तो वेगळ्याच गोष्टीवर, आणि तिची चर्चा फारशी होत नाही. पेटी घड्याळ चालू ठेवते. बरोबर ठेवत नाही.

दिवसाला आठ सेकंदांचा फरक म्हणजे यांत्रिक घड्याळ चांगलंच म्हणायचं. तेच महिनाभर पेटीत फिरत राहिलं तर फरक चार मिनिटांचा होतो. अचूकतेचं क्रोनोमीटर प्रमाणपत्र मिळवणाऱ्या यंत्रालाही दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंदांची सरासरी चालते, म्हणजे महिन्याला तीन मिनिटांपर्यंत. मनगटावरच्या घड्याळाचा फरक आपल्या लक्षात येतो, कारण फोनशी, स्टेशनच्या इंडिकेटरशी आपण नकळत ताडून बघत असतो. पेटीतल्या घड्याळाशी कोण ताडून बघतं? सकाळी ते काढायचं, सेकंदकाटा छान सरकतोय, वार-तारीख जागेवर आहे, आणि त्या भरवशावर घराबाहेर पडायचं. माझं पेटीतलं घड्याळ मागे पडणारं होतं. प्लॅटफॉर्मवर पोचावं तर लोकलचा शेवटचा डबा पुढे निघालेला, आणि मनगटावर अजून दोन मिनिटं शिल्लक. बंद पडलेल्या घड्याळानं हे कधी केलं नाही. त्याचे काटे भलत्याच वेळेवर थांबलेले दिसतात, आपण ते लावतो, चावी देतो, आणि तो दिवस ते सेकंदांच्या हिशेबात बरोबर असतं.

तारखेचंही तेच. साधं कॅलेंडर प्रत्येक महिना ३१ दिवसांचाच धरतं, म्हणून वर्षातून पाच वेळा तारीख हातानं पुढे न्यावी लागते. म्हणजे ज्या क्राउनला हात लागू नये म्हणून पेटी घेतली, त्याला हात लावावा लागतोच. हे पाहिल्यावर माझ्यापुरता पेटीचा मुख्य फायदाच उरला नाही.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. पेटीवर दिवसाला किती फेरे आणि कुठल्या दिशेनं हे ठरवावं लागतं. बहुतेक यंत्रांना ६५० ते ८०० फेरे पुरतात, पण दिशा तपासावी लागते. सेइकोची १९५९ मध्ये आलेली मॅजिक लिव्हरची रचना दोन्ही बाजूंनी स्प्रिंग भरते. मियोटा ८२१५ आणि व्हॅल्जू ७७५० ही यंत्रं एकाच बाजूनं. दिशा उलटी लावली तर पेटी रात्रंदिवस फिरते आणि घड्याळ तरीही बंद पडतं. आवाजाचं ज्याचं त्यानं ठरवावं. माझी झोप सावध आहे, मला रात्री मध्येच सुरू होणारी घरघर जाणवायची. आणि घड्याळ बंद ठेवलं तर तेल गोठतं ही समजूत जुन्या काळच्या प्राणिज-वनस्पतिज तेलांची आहे. आजची कृत्रिम तेलं तशी गोठत नाहीत. उलट जे घड्याळ आपण घालतच नाही, ते वर्षभर अखंड चालवून सर्व्हिसिंग जवळ का आणायचं, हे मला समजत नाही.

चावीची किंमतही आहे, नाही असं नाही. प्रत्येक वेळी काटे, वार, तारीख लावायला दोन-तीन मिनिटं जातात, आणि काटे रात्री ९ ते पहाटे ३ च्या दरम्यान असतील तर तारीख झटपट बदलायची नाही, हे पाळावं लागतं. आधी काटे सहाच्या आसपास आणावेत, मगच तारखेला हात लावावा. रोज सकाळी धावपळ असेल तर हे जड वाटू शकतं. तारीख नसलेलं घड्याळ असेल तर हा त्रासही नाही. तिथे मी पेटीचा विचारही करणार नाही.

पेटी घ्यावीच असं मला वाटतं ते पर्पेच्युअल कॅलेंडर (महिन्याचे कमी-जास्त दिवस स्वतःच ओळखणारं) किंवा चंद्रकला दाखवणाऱ्या घड्याळांसाठी. ती बंद पडली की पुन्हा लावणं किचकट असतं, आणि तिथे चार मिनिटांचा फरक परवडतो. सेइकोच्या ७एस२६ यंत्राचं घड्याळ असेल तर क्राउननं चावी बसतच नाही, त्यामुळे पेटीकडे मन ओढतं. पण ते हातात आडवं धरून अर्धा मिनिट डावीकडे-उजवीकडे झुलवलं की सुरू होतं, मग दिवसभर चालतं-फिरतं राहिलं की झालं. त्याच घराण्यातल्या ४आर३६ ला चावी बसते. नवीन घेणार असाल तर एवढ्या एका कारणासाठीही मी तेच सुचवीन.

एवढं वाचूनही पेटीच घ्यायची असेल, तर दिशा बदलता येणारी आणि बॅटरीवरही चालणारी बघा. आपलं घड्याळ सोबत न्या, कारण आखूड पट्टा आतल्या उशीवर बसत नाही. आणि दुकानात गोंगाट असतो, तेव्हा पेटी चालू करून कानाला लावून ऐका.