किंडलवरचा इंग्रजी डोरेमॉन : गोष्टी एक नंबर, पण हा नोबी कोण?

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू कार्टूनचा नाही, मांगाचा, म्हणजे जपानी कॉमिकचा आहे. किंडलवर (अ‍ॅमेझॉनची ई-पुस्तकं) डोरेमॉनचा, नोबिताकडे भविष्यातून आलेल्या त्या रोबो मांजराचा, फुल कलर इंग्रजी मांगा मिळतो ना, त्याचा. 2013 च्या नोव्हेंबरपासून तो अमेरिकेतल्या वाचकांसाठी निघायला लागला. आम्ही राहतो न्यू जर्सीत, मुलगी सात वर्षांची, इंग्रजी फाडफाड वाचते आणि दर सुट्टीत नाशिकला आजीकडे जाऊन हिंदी डोरेमॉनचा रतीब लावून येते, तर म्हटलं घेऊन टाकू, टीव्ही सोडून जरा वाचेल तरी.

दोन पानं झाली नाहीत तर हाक आली, "बाबा, नोबिता कुठेय?"

"अगं हाच की, चष्मेवाला."

"ह्याला तर नोबी म्हणतायत!"

आणि तो नोबी एकटा नाही हो. नोबिताच्या मैत्रिणीची, शिझुकाची स्यू झालीय, मित्रांपैकी सुनियोचा स्नीच, दांडगट जियानचा बिग जी. डेकिसुगी, जो सगळ्यात हुशार म्हणून नोबिताच्या डोक्यात जातो, तो झालाय एस गुडी. भविष्यातून येणारा खापरपणतू सेवाशी, त्याचा सोबी. एकटा डोरेमॉन तेवढा वाचला. 2014 मध्ये अमेरिकेत टीव्हीवर डोरेमॉन आला तेव्हाही हीच नावं ठेवली, तिथे तर डोरेमॉनच्या आवडत्या गोड डोरायाकीचे पण यमी बन करून टाकले, चॉपस्टिक जाऊन काटे आले, येनचे डॉलर झाले.

आता खरं सांगायचं तर बिग जी ला माझी तक्रार नाही. जियान हे मुळात इंग्रजी 'जायंट'च जपानी तोंडातून आलेलं, त्याचं खरं नाव ताकेशी गोदा, म्हणजे टोपणनावाच्या जागी टोपणनाव बसवलं, ठीके. एस गुडी पण चालेल, कारण डेकिसुगी ऐकताना जपानी माणसाला 'जरा जास्तच जमतं बुवा ह्याला' असंच ऐकू येतं. म्हणजे भाषांतर करणाऱ्यांनी डोकं लावलंय, उगाच नावं फेकलेली नाहीत. पण नोबिताचं काय? मुलगा छान वाढावा, मोकळा वाढावा म्हणून आईबापांनी हौसेनं ठेवलेलं नाव ते, त्यावर अख्खी एक गोष्ट आहे, नोबिता टाइम मशीनमधून स्वतःच्या जन्माच्या दिवशी जातो ती. आमच्या घरी ती सगळ्यांची आवडती. नोबी म्हटलं की त्यातलं काहीच उरत नाही. आणि सुनियोचं आडनाव होनेकावा, म्हणजे हाडं नि कातडं, त्या किडकिडीत पोराला काय फिट्ट बसतं! स्नीच मध्ये नुसता त्याचा खवटपणा आला, हाडं गेली.

मला खटकतं ते वेगळंच आहे. चित्रं तीच जपानी, तातामी म्हणजे जमिनीवरच्या चटया, सरकते दरवाजे, दारात काढलेले बूट, आणि त्या घरात स्यू आणि नोबी फिरतायत. मग कशाला एवढा खटाटोप?

हे सगळीकडेच झालंय म्हणा. हाँगकाँगमध्ये तर खुद्द डोरेमॉनलाच डिंगडाँग म्हणायचे, चिनी आवृत्तीत जियान म्हणजे पांगहू, जाडा वाघ (हे मात्र मला जाम आवडलं). व्हिएतनाममध्ये 1992 पासून शिझुकाची शुका आणि जियानचा चायेन होता, पोरं त्याच नावांवर मोठी झाली, नंतरच्या नव्या आवृत्तीत मूळ नावं परत आणली. डोरेमॉनचे जनक फुजिको एफ. फुजिओ 1996 मध्ये गेले, त्यांची इच्छा होती की निदान डोरेमॉन हे नाव तरी सगळीकडे एकच असावं, तसं मग हाँगकाँग-तैवानमध्ये बदललंही. आपल्याकडे हिंदीवाल्यांनी नावांना हातच लावला नाही आणि कुणाचं काही अडलं नाही, गल्लीतल्या शेंबड्या पोराला पण शिझुका, डेकिसुगी बरोब्बर म्हणता येतं. अमेरिकन पोरांनाच कशी काय जड जाणार होती ही नावं, कळत नाही. माझ्या पोरीच्या वर्गातली मुलं पिकाचू म्हणतातच की!

बाकी पुस्तक म्हणून माल चांगलाय. रंग मस्त, इंग्रजी सोपं आणि खरंच हसवणारं, बोलतात तसं. फोनवर अक्षरं बारीक पडतात, टॅबवर वाचा. बँबू कॉप्टरला, डोक्यावर लावून उडायच्या त्या पंख्याला, हॉप्टर म्हणतात तेवढं पोरांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिथेही गाडी अडेल.

पाचपैकी साडेतीन. जी मुलं डोरेमॉन पहिल्यांदाच वाचणारेत त्यांच्यासाठी बिनधास्त घ्या. हिंदीवर वाढलेलं पोर असेल तर आधी फुकट सॅम्पल दाखवा, चाललं तर पुढचे भाग घ्या. आमच्याकडे चाललंय, फक्त मोठ्याने वाचताना ती प्रत्येक नोबीचा नोबिता करूनच वाचते, आणि मीही अडवत नाही.