फॉर्म भरायचा की फाईल लिहायची? नेटवर्क लावण्याच्या दोन तऱ्हा

सांगलीच्या मार्केट यार्डातली हळदीची पेढी धरा. बिलाचे तीन संगणक, सहा कॅमेरे, शिवाय येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाय-फाय. तिन्ही वेगळं ठेवायचं, म्हणजे अनुक्रमे व्हीलॅन (एकाच यंत्रणेवरची, क्रमांकाने वेगळी केलेली नेटवर्कं) १०, २० आणि ३०. नेटवर्कची उपकरणं चालवणारा कंट्रोलर एकच; त्याला सांगायचं कसं, पडद्यावरचा फॉर्म भरून की सूचनांची फाईल लिहून, एवढाच प्रश्न.

फॉर्म दिवाणजीलाही जमतो. नाव, क्रमांक, पत्त्यांचा पट्टा भरा, पोर्ट (केबल लावायची खाच) निवडा, झालं. घोळ होतो अपलिंक पोर्टवर, म्हणजे एक उपकरण पुढच्या उपकरणाला जोडणाऱ्या पोर्टवर. तिथून तिन्ही व्हीलॅन टॅग होऊन, म्हणजे आपापल्या क्रमांकाची खूण घेऊन, जायला हवेत. २० राहून गेला, तर कॅमेऱ्याचा दिवा लागतो, चित्र मात्र येत नाही, आणि माणूस उगाच केबल बदलत बसतो. पाहुण्यांच्या /२४ (पट्ट्याचा आकार सांगणारी खूण) पट्ट्यात पत्ते २५४; लीज, म्हणजे एक पत्ता एका उपकरणाकडे राहण्याची मुदत, २४ तासांची ठेवली तर सौद्याच्या गर्दीत ते संपू शकतात. दोन तास पुरे.

वायएएमएल फाईलचं (ओळी आत सरकवून सूचना लिहिण्याची साध्या मजकुराची फाईल) बलस्थान वेगळं: काय बदललं ते दिसतं, जुनी प्रत परत लावता येते. पण ओळ आत सरकवायला टॅब चालत नाही, स्पेसच हवी. एक स्पेस इकडची तिकडे झाली तरी नियम भलत्याच पोर्टाखाली जाऊ शकतो. (फॉर्म निदान चुकीच्या रकान्याला लाल तरी करतो.)

एका पेढीला फॉर्मच बरा. चार-पाच गोदामं झाली की फाईल घ्या, तीही क्रमांकांपुरत्या जागा रिकाम्या ठेवलेला तयार साचा. कुठलीही तऱ्हा असो, ज्या पोर्टवरून तुम्ही स्वतः जोडलेले आहात तो सगळ्यात शेवटी बदला.