ट्रेलरच्या विंचसाठी डीआयएन ७४: इन्व्हर्टरच्या बॅटरीला रामराम

बंद पडलेल्या गाड्या उचलायच्या ट्रेलरवर १२ व्होल्टची विंच (मोटरने दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र) बसवली की बॅटरीवाला हमखास १५० एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीतला साठा) ट्युब्युलर, म्हणजे घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी पुढे करतो. ‘मोठी घ्या साहेब, बघायलाच नको.’ नवी असेपर्यंत ती ओढतेही. पण ती बनलेली असते पंखे-दिव्यांसाठी. १५० एएच हा आकडाच मुळी २० तास, ७.५ अँपिअरच्या हिशेबाने छापलेला असतो. विंचचं काम नेमकं उलटं आहे: दोनच मिनिटं, पण दणकून.

हिशेब करून बघा. १५०० किलोची गाडी १५ अंशांच्या रॅम्पवर चढवायला, चाकं मोकळी फिरत असतील तर, दोरावर साधारण ४२० किलोचा ओढ येतो. त्याला विंच १२० ते १५० अँपिअर घेते. सहा मीटर दोर गुंडाळायला दोनेक मिनिटं, म्हणजे एका गाडीमागे फार तर ५ एएच खर्च. साठा पुरेसा आहे, प्रश्न एका दमात किती करंट देता येतो याचा. हँडब्रेक जाम झालेली किंवा टायर बसलेली गाडी आली की करंटचा आकडा २५०-३०० अँपिअरवर जातो, आणि तिथे जाड प्लेटांच्या ट्युब्युलरचा व्होल्टेज कोसळतो. वर ५०-६० किलो वजन ट्रेलरच्या नाकावर, उंच डबा आणि खड्ड्यात हिंदकळणारं ॲसिड.

म्हणून पसंती ७४ एएचच्या डीआयएन ७४ ला. मोठ्या डिझेल गाड्यांत बसते तीच सीलबंद मेंटेनन्स-फ्री बॅटरी. लांबी २७८, रुंदी १७५, उंची १९० मिलिमीटर, वजन १८ किलोच्या आसपास, सीसीए ६५० च्या पुढे. सीसीए म्हणजे उणे १८ अंशांत ३० सेकंद देता येणारा करंट. आपल्याकडे उणे १८ कुठलं यायला, पण दोन बॅटऱ्यांची ताकद ताडायला स्टिकरवर यापेक्षा कामाचा आकडा नाही. दिवसात चार गाड्या चढवल्या तरी २० एएच जातात, पाव बॅटरी. तेवढं तिला झेपतं. अर्ध्याच्या खाली रोज उतरवली तर मात्र स्टार्टरची बॅटरी वर्षभरही टिकत नाही.

खिसा परवानगी देत असेल तर त्याच मापाची ७० एएच एजीएम (ॲसिड काचधाग्यांच्या गादीत शोषलेली बॅटरी) घ्या, स्टार्ट-स्टॉप गाड्यांतली. सीसीए ७६० पर्यंत मिळतो, धक्के आणि खोल डिस्चार्ज जास्त सोसते. किंमत मात्र भरपूर चढी. रोज काम असेल तरच परवडते. यूपीएसच्या छोट्या सीलबंद एसएमएफ बॅटरीच्या वाटेला जाऊ नका, टर्मिनलचे बोल्टच या करंटचे नाहीत. लिथियम फॉस्फेट हलकी म्हणून मोह होतो, पण १०० एएचच्या साध्या पॅकमधला बीएमएस (पॅकची राखण करणारं सर्किट) बहुधा १०० अँपिअरलाच बांधलेला असतो. विंचने १४० मागितले की तो सप्लाय तोडतो, गाडी अर्ध्या रॅम्पवर, आणि तुम्ही चाकामागे ठोकळे शोधत.

बॅटरी विंचशेजारीच ठेवा. ओढणाऱ्या गाडीच्या बॅटरीवरून सहा मीटर केबल आणली तर जाऊन-येऊन १२ मीटर होतात; ३५ चौरस मिलिमीटर तांब्यातही १५० अँपिअरला जवळजवळ ०.९ व्होल्ट वाटेतच जातो. मीटरभर केबलला हाच तोटा ०.१५ व्होल्ट. केबल घेताना टोक सोलून बघा. स्वस्तातल्या वेल्डिंग केबलमध्ये वर लाल दिसतं आणि नखाने खरवडलं की आत पांढरं ॲल्युमिनियम निघतं. थिंबल (केबलच्या टोकाची धातूची टोपी) हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून घ्या. हातोडीने ठेचलेलं थिंबल पहिल्याच जड गाडीला तापून इन्सुलेशन वितळवतं.

गाडी चढत असताना मल्टिमीटर आधी बॅटरीच्या टर्मिनलवर आणि मग विंचच्या टर्मिनलवर लावा. बॅटरीवर ११.६ आणि विंचवर १०.२ दिसले तर दोष केबलचा किंवा थिंबलचा. दोन्हीकडे १०.५ च्या खाली गेलं तर बॅटरी थकली आहे किंवा चार्ज नाही. तसंच रेटत राहिलात तर मोटर मंदावते, तेवढाच करंट जास्त वेळ खाते, आणि सोलेनॉइड (मोटरचा करंट जोडणारा-तोडणारा स्विच) खटखट करत शेवटी चिकटतो. चिकटला की रिमोट सोडला तरी विंच थांबत नाही. त्यासाठीच हाताशी बॅटरीच तोडणारा आयसोलेटर स्विच हवा.

चार्जिंगची गोम बीएस६ गाड्यांत आहे. बऱ्याच गाड्यांचा स्मार्ट आल्टरनेटर स्वतःची बॅटरी भरली की व्होल्टेज उतरवतो, आणि सात पिनांच्या सॉकेटमधल्या बारीक वायरने ट्रेलरपर्यंत फारसं काही पोचत नाही. २० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर घाला, तो उतरलेला व्होल्टेज चढवून ट्रेलरच्या बॅटरीला देतो. एका गाडीचा खर्च अर्ध्या तासाच्या रस्त्यात भरून निघतो. ट्रेलर आठवडाभर उभा राहणार असेल तर २० वॉटचं सोलर पॅनेल कंट्रोलरसकट पुरतं. उभ्या बॅटरीवर १२.४ दिसले की चार्जरला लावा, १२.० पर्यंत वाट बघितली तर प्लेटांवर सल्फेटचा थर धरलाच म्हणून समजा.

घेताना दुकानातच मीटर लावा. १२.६ च्या खाली असेल तर दुसरा डबा काढायला सांगा, तो माल बराच काळ पडून आहे. आणि कार्डावर शिक्का मारून घेण्याआधी व्यावसायिक वापराची वॉरंटी किती महिने ते वाचा. खासगी गाडीची मुदत ट्रेलरला लागू होतेच असं नाही.