कॅम्पर व्हॅन बुक करताय? आधी हे वाचा, आमचे 75,650 रुपये गेले

दिवाळीच्या सुट्टीत बोरिवलीहून कोचीला कॅम्पर व्हॅनने जायचं ठरवलं होतं. आम्ही सहा जण, मी, बायको, दोन मुलं आणि आई-बाबा. गेलो नाहीच, पैसे मात्र गेले. महिनाभर कोणाला सांगितलंच नाही, पण परवा ज्या व्हिडिओला आम्ही फसलो तोच परत फिरताना दिसला म्हणून आता सगळं लिहितोय, लांब होईल पण वाचा.

आधी कॅम्पर व्हॅनच का ते सांगतो कारण आम्हाला फसवणारा माणूस नेमका तिथूनच आत शिरला. बाबा नेव्हीत होते, त्यांची सुरुवातीची काही वर्षं कोचीत गेली, ट्रेनिंगचं सगळं काम तिथल्या सदर्न नेव्हल कमांडकडेच असतं ना. आता त्यांना प्रोस्टेटचा त्रास आहे, तासाभरात बाथरूमला जावंच लागतं. दोन वर्षांपूर्वी ट्रेनमध्ये टॉयलेटच्या दारात पडले आणि मनगट मोडलं, तेव्हापासून लांबचा प्रवास बंद. विमानाचं तिकीट काढतो म्हटलं तर म्हणाले, अरे हा सगळा किनारा मी जहाजावरूनच बघितलाय, कारवार, उडुपी, कण्णूर, एकदा रस्त्याने बघू दे. पनवेलहून एनएच 66 धरला की तो किनाऱ्याकिनाऱ्याने खाली जातो, बोरिवलीहून साधारण चौदाशे किलोमीटर होतात. आतच टॉयलेट असलेली गाडी मिळाली तर बाबांना जमेल असं वाटलं. आणि एक दिवस इन्स्टाग्रामवर ती गाडी दिसली.

व्हिडिओ खरंच चांगला होता. आत निळी चादर घातलेला बेड, पिवळे पडदे, छोटी शेगडी, मागे टॉयलेट. ड्रायव्हरसकट दिवसाचे 9,500 रुपये. बाकी दोन ठिकाणी विचारलं होतं तर पंधरा हजाराच्या खाली कोणी बोलत नव्हतं, तेव्हाच थांबायला हवं होतं. पण माणूस बोलायला इतका चांगला, मराठीच, मला दादा आणि बाबांना काका म्हणायचा. गाडी बघायला येतो म्हटलं तर म्हणाला आत्ता पार्टीबरोबर गोव्याला गेलीये, तुम्ही व्हिडिओ कॉल करा. कॉलवर त्याने गाडीच दाखवली, फक्त आता कळतंय की तो दुसऱ्या मोबाईलवर चालणाऱ्या व्हिडिओसमोर कॅमेरा धरून बसला असणार, कारण मी 'जरा मागचं दार उघडा' म्हटलं की दर वेळी नेटवर्क जायचं. घोडबंदर रोडचा पत्ता, जीएसटी नंबर असलेलं बिल, आरसीचा फोटो सगळं पाठवलं. नऊ दिवसांचे 85,500, त्यातले निम्मे 42,750 ॲडव्हान्स दिले. मग चार दिवसांनी 20,000 डिपॉझिट, परत मिळणार असं सांगून.

मी बाबांचं सांगितलं होतं त्याला, पडल्याचं वगैरे. तर दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन, दादा, काकांसाठी टॉयलेटमध्ये धरायला स्टीलचं हँडल लावून घेऊ का, 1,500 होतील. मी लगेच पाठवले. संध्याकाळी फोटो आला, पांढऱ्या भिंतीला हँडल बसवलेलं, खाली ड्रिलचा भुगा पडलेला. बाबांना दाखवला तर म्हणाले, माणूस चांगला दिसतोय रे. बाकी पैशांचं मी कधीतरी विसरेन पण तो फोटो विसरता येत नाही.

बाबांनी तोवर वहीत सगळा प्लॅन लिहिला होता. कोणत्या दिवशी कुठे मुक्काम, फोर्ट कोचीला मासेमारीची चिनी जाळी संध्याकाळी बघायची, सेंट फ्रान्सिस चर्च जिथे वास्को द गामाला 1524 मध्ये पुरलं होतं आणि नंतर अवशेष पोर्तुगालला नेले, मट्टनचेरीचं 1568 चं ज्यूंचं सिनेगॉग. आईला त्यांनी सांगून ठेवलं होतं की तिथे तिरुमल देवळाच्या आसपास कोकणी ऐकू येते, पोर्तुगीजांच्या काळात गोव्यातून गेलेल्या लोकांची, तुला परकं वाटायचं नाही. चाळीसेक वर्षांपूर्वीच्या गल्ल्या त्यांनी पेन्सिलने काढल्या होत्या त्या वहीत.

शुक्रवारी संध्याकाळी शेवटची मागणी आली, गोवा, कर्नाटक, केरळ तिन्हीकडचा बॉर्डर टॅक्स 11,400, आत्ता भरला नाही तर चेकपोस्टला गाडी अडवतील. भरले. रात्री दहाला मेसेज, गाडी निघाली, सकाळी पाचला गेटवर. आईने दशम्या, शेंगदाण्याची चटणी, शंकरपाळ्या असं डबे भरून ठेवलं होतं. बाबा साडेचारपासून बूट घालून हॉलमध्ये बसलेले. पाच वाजले, सहा वाजले. फोन नुसता वाजत होता, उचलत नव्हता कोणी. साडेसातला मेसेज, वाशीला टायर फुटलाय. अकराला म्हणे गॅरेजमध्ये आहे. संध्याकाळी, उद्या नक्की. रविवारी, दुसरी गाडी पाठवतो. मुलं बॅगांवर बसून वाट बघत होती आणि मीच त्यांना सांगत होतो की येईल, टायर फुटतो कधीकधी.

आता जे सांगतोय ते नीट वाचा, माझी सगळ्यात मोठी चूक हे दोन दिवस थांबणं होती. हे 'येतो येतो' मुद्दाम असतं, तेवढ्या वेळात पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिथून तिसऱ्या खात्यात जातात. शनिवारी सकाळीच 1930 ला फोन करायला हवा होता. तो सायबर फ्रॉडचा हेल्पलाइन नंबर आहे, जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवायची शक्यता जास्त. मी केला सोमवारी, आणि तोही कधी, तर त्याने रिफंडसाठी म्हणून क्यूआर कोड पाठवला आणि मी स्कॅन करून पिन टाकणार तेवढ्यात बायकोने हातातून फोन काढून घेतला तेव्हा. पैसे मिळायला कधीच पिन लागत नाही, पिन टाकला म्हणजे पैसे जाणारच. स्क्रीनवर 19,999 होते.

नंतर मी जे तपासलं ते सगळं आधी दहा मिनिटांत झालं असतं. एमपरिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाकला तर ती साधी हॅचबॅक निघाली. व्हिडिओतल्या गाडीची नंबर प्लेट पांढरी होती काळ्या अक्षरांची, म्हणजे प्रायव्हेट, ड्रायव्हरसकट भाड्याने देतात त्या गाडीची प्लेट पिवळी आणि अक्षरं काळी असतात, आणि स्वतः चालवायला भाड्याने देतात त्यांची काळी प्लेट पिवळी अक्षरं. हे मला माहीत होतं हो, रोज ओला-उबर बघतो, पण माझी नजर पडद्यांवर आणि बेडवर होती. बिलावरचा जीएसटी नंबर 29 ने सुरू होत होता, ते कर्नाटकचं, महाराष्ट्राचा 27 ने सुरू होतो, जीएसटीच्या साइटवर लॉगिन न करता नंबर टाकून बघता येतो, तिथे भलत्याच दुकानाचं नाव आलं. यूपीआयला पैसे पाठवताना दोन वेगवेगळ्या माणसांची नावं आली होती, मी विचारलं तर म्हणाला पार्टनर आहेत. आणि टॅक्स, परमिट वगैरे सरकारी पैसे ऑनलाइन भरले की गाडीच्या नंबरसकट पावती येते, मी पावती मागितलीच नाही.

घोडबंदरच्या पत्त्यावरही जाऊन आलो. तिथे एक मोठी सोसायटी आहे. गेटवर वॉचमनला गाडीचं विचारलं तर तो म्हणाला, साहेब, तुम्ही तिसरे.

पोलिसांकडे तक्रार झालीये, सायबरक्राईमच्या सरकारी पोर्टलवर नोंद आहे, शेवटच्या 11,400 पैकी 6,200 रुपये एका खात्यात होल्ड झालेत आणि ते कोर्टाची ऑर्डर झाली की मिळतील असं सांगितलंय. स्टेशनला जाताना बँक स्टेटमेंट, यूपीआयचे ट्रान्झॅक्शन नंबर, चॅटचे स्क्रीनशॉट प्रिंट करून न्या, आणि चॅट डिलीट करू नका कितीही राग आला तरी, आमच्याकडे बायकोने सगळं ठेवलं होतं म्हणून निभावलं.

बाबांनी वही कपाटात ठेवलीये. मी विचारलं फेब्रुवारीत विमानाने जाऊया का, तर बघू म्हणाले.

परवा दिसलेलं पेज नवीन नावाचं आहे, मी रिपोर्ट केलंय पण अजून चालू आहे. निळी चादर, पिवळे पडदे, शेगडीच्या बाजूला लाल रंगाचा डबा, दिवसाचे आता 8,900 लिहिलेत. तोच व्हिडिओ तुम्हाला आला तर पैसे पाठवू नका, आणि ज्यांनी पाठवलेत त्यांनी गाडीची वाट बघत बसू नका, आत्ता 1930 लावा.