घोट्याचं दुर्बिणीचं ऑपरेशन: डॉक्टरांना पाच तारे, फिजिओला दोन

कबड्डीत चढाई करणाऱ्याचा घोटा म्हणजे कोपरारक्षकाचा हक्काचा माल. माझा असाच पकडला गेला, वरून दोघं पडले आणि पाय आत वळला. एक्स-रे स्वच्छ. ‘मुरगळलाय, क्रेप बँडेज बांधा,’ एवढंच सगळीकडे ऐकलं. सूज उतरली, पण मॅटवर पाय रोवून वळलो की खोल आत कळ यायची आणि सरावानंतर रात्री घोटा फुगायचा. शेवटी एमआरआय केला. टॅलस या घोट्यातल्या हाडाच्या वरच्या पृष्ठभागावर, आतल्या बाजूची कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडावरचं गुळगुळीत आवरण, उचकटली होती. एक्स-रेत कूर्चा दिसतच नाही, त्यामुळे असे कितीतरी खेळाडू महिनोन्‌महिने शेकत बसतात.

ऑपरेशन पुण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलात केलं. नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारही आहे.

सर्जन मात्र माणूस सरळ. स्क्रीनवर जखम मोजून दाखवली. व्यास साधारण 10 मिलिमीटरच्या आत असेल तर मायक्रोफ्रॅक्चर: खराब कूर्चा खरवडायची आणि खालच्या हाडाला बारीक भोकं पाडायची. त्यातून मज्जेतलं रक्त वर येतं, गुठळी धरते आणि हळूहळू तिथे नवा थर बनतो. जखम 15 च्या पुढे गेली किंवा खाली हाडात पोकळी असली, तर गुडघ्यातून हाडासकट कूर्चेचा तुकडा काढून इथे बसवावा लागतो, आणि जखम आतल्या बाजूला असेल तर तिथपर्यंत पोचायला बहुतेकदा घोट्याचं आतलं हाड कापून परत स्क्रूने जोडतात. माझं पहिल्यावर भागलं. लिगामेंट सैल आहे का, हेही त्यांनी टाच पुढे ओढून तपासलं, कारण ते सैल राहिलं तर दुरुस्त केलेला घोटा पुन्हा वळतो. माझं शाबूत होतं.

‘आधीसारखा होईल ना?’ या प्रश्नावर ते म्हणाले, ‘फरशी फुटली तिथे सिमेंट भरतोय, नवी फरशी नाही बसवत. किती वर्षं टिकेल ते आत्ता सांगणार नाही.’ एक तारा या वाक्यालाच.

कमरेतून भूल दिल्यामुळे मी जागा होतो, म्हणून स्क्रीन माझ्याकडे वळवायला सांगितली. पुढून दोन छोटी छिद्रं, एकातून दुर्बीण, दुसऱ्यातून हत्यारं. भोकं पाडून झाल्यावर सांध्यात सोडलेल्या पाण्याचा दाब कमी केला, तसे प्रत्येक भोकातून रक्ताचे आणि चरबीचे थेंब वर आले. ‘हेच हवं होतं,’ सर्जन म्हणाले. पायाच्या वरच्या बाजूला अजून थोडा बधिरपणा आहे. तिथली नस दुखावू शकते हे त्यांनी आधीच सांगितलं होतं.

मेडिक्लेमची मंजुरी यायला सकाळची संध्याकाळ झाली. ते सगळीकडेच होतं, सोडून देतो.

खरी निराशा फिजिओथेरपी विभागाची. कुबड्यांचे पाच-सहा आठवडे संपल्यावर हातात छापील कागद मिळाला, शेजारच्या गुडघा बदललेल्या आजींना दिला होता तोच. दर वेळी थेरपिस्ट वेगळा. चढाईत एका पायावर झपकन वळावं लागतं हे कुणाच्या गावी नव्हतं, आणि एका पायावरची उडी न तपासताच ‘आता खेळा’ म्हणून मोकळे झाले. मी बाहेर एका खेळाडूंच्या फिजिओकडे गेलो. त्यानं आधी सायकल आणि तलाव, मग एका पायावर टाचा उचलणं, डोळे मिटून तोल सांभाळणं, नंतर नागमोडी धावणं, आणि सगळ्यात शेवटी मॅट, अशा क्रमानं आणलं. पळायलाच तीन-चार महिने लागतात, पकडीत जायला आणखी. घाई करणाऱ्या प्रशिक्षकाला हे आधीच सांगून ठेवा.

आणि निघताना ऑपरेशनचं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर मागून घ्या. आपणहून देत नाहीत, मागितलं तर फुकट मिळतं. बाहेरच्या फिजिओनं रिपोर्ट बाजूला ठेवून आधी तेच पाहिलं.